लाल फितीचे घड

एका बाईची चार वर्षांची मेहनत मी पंधरा मिनिटांत खाल्ली. चवीनं खाल्ली असं म्हणायचीही सोय नाही, कारण चव मला लागलीच नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायको सांगते. दवाखान्याच्या बाकावर, दुधाच्या रांगेत, जिथे म्हणून चार माणसं भेटतील तिथे सांगते, आणि दर वेळी त्यात एक घड वाढतो. परवा ऐकलं तेव्हा अकरा झाले होते. म्हणून हे लिहायला बसलो. घड सात होते.

सुरुवात एका पातळ पुस्तिकेपासून झाली. आमच्या ऑफिसच्या ग्रंथालयानं जुनी पुस्तकं वाटून टाकली, तेव्हा ती माझ्या वाट्याला आली. वाइन कशी चाखावी यावर अठ्ठेचाळीस पानं. मी आयुष्यात वाइन दोनदा प्यायलो आहे, आणि त्यातल्या एका वेळी पेल्यात नक्की वाइनच होती का, याबद्दल आमच्या घरात दुमत आहे. पण वाचलेलं अंगात भिनायला फार वेळ लागत नाही. महिन्याभरात मी पाण्याचा पेलासुद्धा उजेडाकडे धरून बघायला लागलो. बायकोला वाटलं पाण्यात किडे सापडले.

मग इमारतीच्या टाकीवरून सभा झाली. पाणी खारट येतं की मचूळ, यावर तासभर वाद चालला होता. मी सहज बोलून गेलो, "चव तीन टप्प्यांत लागते. आधी नाकाला, मग जिभेला, शेवटी घशाला. वाइनचंही तसंच असतं." सभा गप्प झाली. इतका आदर मला त्या गच्चीवर पूर्वी कधी मिळाला नव्हता. तेवढ्यात समोरच्या दारचे वकील म्हणाले, "तुम्ही द्राक्षमळा पाहिलाय का कधी?"

हे वकील वकील नाहीत. विजेचे मीटर तपासायच्या नोकरीतून ते निवृत्त झाले. पण दोन माणसं बोलत असली की तिसरा मुद्दा काढायचा, ही सवय त्यांना इतकी जुनी आहे की त्यांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या लाइटबिलावर उरलं आहे.

"पाहिलाय की," मी म्हणालो. इथे थांबायला हवं होतं. "घरचाच मळा, घरचीच वाइन. सगळं कुटुंब राबतं. चांगली ओळख आहे आपली."

"मग आम्हालाही न्या एकदा."

"नेऊ की!"

बायकोनं माझ्याकडे फक्त पाहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली की नुसतं पाहिलं तरी पुरतं.

मळा शेवटी वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या जाहिरातीत सापडला. फोन एका बाईंनी उचलला. आवाज असा, की मी उभा राहूनच बोललो. पाहुणे फक्त बुधवारी, एका वेळी चारच, कात्र्या आम्ही देऊ, अत्तर लावून येऊ नका, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

बुधवार म्हणजे रजा आली. मी सरळमार्गी माणूस, अर्जात कारण लिहिलं: द्राक्षमळा पाहणे. साहेबांनी शेरा मारला, "कारण संयुक्तिक नाही." दुसऱ्या अर्जात लिहिलं, घरगुती अडचण. शेरा आला, "पहिल्या अर्जाशी विसंगत." तिसऱ्या अर्जात मी "अभ्यासासाठी" असं लिहिलं, तेव्हा रजा मंजूर झाली, पण खाली ओळ होती: परत आल्यावर अहवाल सादर करावा. तोही अर्ज हलला तो आमच्या शिपायानं त्याला लाल फीत बांधली म्हणून. आमच्या नोंदणी विभागात मी अठ्ठावीस वर्षं आहे. कागदाला लाल फीत बांधली की तिचा अर्थ एकच: बाकी सगळं सोडा, हे आधी हातावेगळं करा. हे इथेच सांगून ठेवतो, कारण माझ्या बाजूनं बोलायला पुढे एवढा एकच मुद्दा आहे, आणि तोही लंगडा आहे.

मग सल्ले सुरू झाले. वकील म्हणाले, "जीभ तयार करावी लागते. तीन दिवस मीठ बंद. सकाळी बर्फाच्या पाण्यानं गुळण्या. आणि झोपताना डोक्याशी खिडकी उघडी, म्हणजे नाक मोकळं राहतं." तळमजल्यावरचा कंपाउंडर म्हणाला की बर्फ अजिबात नको, कढत पाणीच हवं. कोणाचं मन मोडू नये म्हणून मी आधी बर्फाच्या आणि मग कढत पाण्याच्या गुळण्या केल्या, आणि खिडकीत डोकं ठेवून झोपलो. बुधवारी सकाळी शेगडीवर दूध करपलं. सासूबाई आणि बायको नाकाला पदर लावून खिडक्या उघडत धावत होत्या आणि मी त्याच स्वयंपाकघरात शांतपणे चहाची वाट बघत बसलो होतो. नाक ठार बंद. जीभ असून नसल्यासारखी. मीठ तीन दिवसांनी पहिल्यांदा खाल्लं, तेही वाळूसारखं लागलं.

तेव्हा बोललो असतो तर हे सगळं टळलं असतं. पण इमारतीचा एकमेव जाणकार मळ्याच्या दाराशी सर्दीनं पडला, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मी दोन रुमाल घेतले आणि गप्प बसलो. शिवाय बायकोची कापड बेतायची कात्री गुपचूप पिशवीत टाकली, कारण पुस्तिकेत लिहिलं होतं की जाणकार आपली हत्यारं आपणच आणतो. त्या कात्रीनं आमच्या घरात कागदसुद्धा कापायची मुभा नाही.

वकिलांच्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. वकील, मी, बायको आणि सासूबाई. सासूबाई कुठेही नेलं की येतात आणि कुठेही बसवलं की बसतात. दिवसाला त्यांची सहा-सात वाक्यं होतात, त्यातली चार देवाशी. वाटेत एका फाट्यावर वकील म्हणाले, "आता कुठे? तुमच्या ओळखीचा मळा ना?" मी ठामपणे डावीकडे बोट दाखवलं. अर्ध्या तासानं आम्ही विटांच्या भट्टीत पोचलो.

मळ्यात पोचायला अकरा वाजले. बसकं घर, ओसरीवर पेट्यांची उतरंड, बाजूला वजनकाटा आणि भिंतीवर टांगलेली पाटी. पाटीवर खडूनं ओळींचे नंबर आणि तारखा. फोनवरचा आवाज रबरी बूट घालून समोर आला. या आत्या. मळ्याच्या मालकांची बहीण. मालकांना सगळे दादा म्हणत होते. ते ओसरीवर पाठमोरे बसून पेटीतले फुटके मणी निवडून काढत होते, आणि आम्ही आलो म्हणून त्यांनी मान वळवायचे कष्ट घेतले नाहीत. तिसरी त्यांची सून. हातात बादली, बाह्या कोपरापर्यंत वर, हसरा चेहरा.

"कोणाची ओळख आहे म्हणालात?" वकिलांनी माझ्या कानात विचारलं.

मी ऐकू न आल्यासारखं केलं. सर्दीचा तेवढा उपयोग झाला.

सूनबाई आम्हाला ओळींच्या तोंडाशी घेऊन गेल्या आणि सूचना द्यायला लागल्या. त्या सूचना मी ऐकल्या नाहीत. कारण त्याच वेळी मी वकिलांना समजावत होतो, की वेली माणसाच्या छातीइतक्याच उंच का ठेवतात. (का ठेवतात ते मला माहीत नव्हतं. पण मी तीन कारणं दिली.) सासूबाई तेव्हा गाडीतच चपला बदलत होत्या. ऐकलं ते एकट्या बायकोनं, आणि नंतर मला ते इतक्यांदा ऐकवलं की आता पाठ आहे.

"नळाच्या अलीकडच्या दोन ओळी पाहुण्यांसाठी," सूनबाई सांगत होत्या. "हवं तेवढं खुडा, खा. नळाच्या पलीकडे मात्र नको. तिकडे कोपऱ्यात एका वेलीच्या घडांना लाल फिती बांधल्यात, त्यांना कृपा करून हात लावू नका. माझ्या माहेरची काडी आहे. चार वर्षं जपली, यंदा पहिल्यांदा धरलीय. उद्या सकाळी दादा चाखणार आहेत. त्यांना पटली तर दोन ओळी मला मिळतील. नाही पटली तर वेल काढून तिथे पेट्यांची शेड घालायची ठरलीय."

एवढं ऐकून बायको आत्यांबरोबर जॅम शिजतो कसा ते बघायला घरात गेली. "तुम्ही नीट ऐकलंत ना?" असं तिनं जाताना विचारलं होतं म्हणे. मी मान हलवली होती म्हणे.

पाहुण्यांच्या ओळीत आम्ही दहा मिनिटं रमलो असू. मग वकील म्हणाले, "ही तर बाजारात मिळतात तशीच आहेत. जाणकार काय खातात ते दाखवा." आता आली पंचाईत. मला सगळी द्राक्षं सारखीच, म्हणजे ओल्या कागदासारखी लागत होती. मी गंभीर चेहरा करून चालायला लागलो, नळ ओलांडला, आणि कोपऱ्यात मला ती वेल दिसली. बाकीच्यांपेक्षा बुटकी. मुठीएवढे सात घड, मणी बारीक आणि काळे, आणि प्रत्येक देठाला लाल फीत. शेजारी लाकडी खांबांचा ढीग रचलेला होता. मी त्यावर पिशवी टेकवली.

अठ्ठावीस वर्षांची सवय. लाल फीत दिसली की माझा हात मेंदूला विचारत नाही. "हेच ते," मी म्हणालो. "खूण करून ठेवलेत. हे आधी संपवायचे असतात."

बायकोच्या कात्रीनं मी सातही घड उतरवले. वकिलांनी दोन खाल्ले, सासूबाईंच्या हातात मी आग्रहानं दोन ठेवले, दोन मी खाल्ले. सातवा मी थर्मासच्या झाकणात पिळला आणि रसाचा रंग उजेडाकडे धरून दाखवला. वकिलांनी बिया थुंकल्या, तेव्हा मी त्यांना टोकलं, "जाणकार थुंकत नाहीत. गिळतात." आणि प्रत्येक घडाची फीत सोडून, बोटाला गुंडाळून, मी खिशात ठेवत होतो. आमच्याकडे फिती परत वापरतात.

सूनबाई नळावर बादली भरायला आल्या, तेव्हा माझ्या हातात झाकण होतं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बादली खाली ठेवली, वेलीपाशी आल्या आणि प्रत्येक तुटक्या देठाला बोट लावून बघितलं. एक, दोन, तीन, सातापर्यंत. पानं उचलून मागेही बघितलं, एखादा राहिला असेल म्हणून. मग त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली. एका फितीचं टोक बाहेर लोंबत होतं.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. मी हसून म्हणालो, "सगळे. एकही ठेवला नाही."

एवढ्यात बायको घरातून आली. तिनं वेल पाहिली, माझं तोंड पाहिलं, मग स्वतःची कात्री पाहिली. कात्रीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, आणि तेव्हा कुठे मला घाम फुटला. तिनं चार वाक्यांत मला सगळं सांगितलं. माहेरची काडी, चार वर्षं, उद्याची सकाळ, शेड. मी टेकवलेली पिशवी ज्या खांबांवर होती, ते त्या शेडचेच होते. मी पिशवी उचलून हातात धरली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

"सूचना लेखी नव्हती," वकील म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो," बायको म्हणाली. वकील पहिल्यांदाच गप्प बसलेले मी पाहिले.

दादा आले. मागून आत्या. दादांनी वेलीकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाले, "जाऊ दे आता. खांब येऊन पडलेत. पुढच्या वर्षापर्यंत मी थांबणार नाही, हे तुला सांगितलं होतं." आवाजात राग नव्हता. एखादं काम एकदाचं संपल्यासारखा तो आवाज होता. सूनबाईंनी मान हलवली, आणि पदर कमरेला पुन्हा खोचला. तो आधीच खोचलेला होता.

मला राहवलं नाही. "दादा, पण चव अप्रतिम होती!" मी म्हणालो. "सुरुवातीला फुलांचा गंध, मध्ये मधाची झाक, आणि शेवटी घशात रेंगाळणारा..." पान एकतीस. तोंडपाठ होतं.

"खाऊन बसलेला माणूस वाईट कशाला म्हणेल?" दादा म्हणाले. "बिया किती होत्या मण्यात?"

मी रुमालानं नाक पुसलं.

"साल कशी होती? दाताखाली तुटत होती का चघळावी लागत होती?"

मी वकिलांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईनं सांगितलं, "सगळं उत्तम होतं. एकदम उत्तम." दादा नुसते हसले आणि घराकडे वळले.

तेव्हा सूनबाई माझ्यापुढे आल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "काका, मघापासून ऐकतेय, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही तरी नीट आठवून सांगा. कशी होती? मी स्वतः अजून एक मणी खाल्लेला नाही. दादांच्या आधी नको म्हणून."

आयुष्यात मला साहेबांनी झापलं आहे, भर सभेत माझे हिशेब चुकलेले निघाले आहेत, एकदा तर मी भलत्याच लग्नात जेवून आहेर देऊन आलो आहे. पण त्या एका प्रश्नापुढे जी लाज वाटली तिला तोड नाही. ती बाई माझ्याकडे जाणकार म्हणून बघत होती. माझी तिला गरज होती, आणि मी पोकळ निघालो होतो.

"मला सर्दी झालीय," मी म्हणालो. "काल रात्रीपासून. कशाचीच चव लागत नाही. सकाळी दूध करपलं तेही कळलं नाही. आणि नाक उघडं असतं तरी मला काही कळलं नसतं. मी एक पुस्तिका वाचलीय फक्त. मळा आज पहिल्यांदाच बघतोय. तुमची ओळख आहे असं मी सगळ्यांना खोटंच सांगितलं होतं."

वकील आभाळाकडे बघत होते. बायको माझ्याकडे बघत होती, पण नेहमीसारखं नाही. मी खिशातून सात फिती काढल्या आणि सूनबाईंच्या हातात दिल्या. नीट गुंडाळलेल्या होत्या, त्याचीही लाज वाटली.

आणि तेव्हा सासूबाई बोलल्या. "साल जाड होती."

सगळे वळले. सासूबाई खांबांच्या ढिगावर बसल्या होत्या. कधी बसल्या कोणाला माहीत. "माझ्या कवळीत अडकली," त्या म्हणाल्या. "गोड आहे, पण लगेच नाही लागत. आधी आंबट, सालीपाशी थोडं तुरट. मग गोड. रस काळा. बोटं बघा." त्यांनी बोटं दाखवली, ती जांभळी होती. "मला काही एवढं आवडलं नाही. खायला चिवट. पण ह्यांनी आग्रह केला, टाकून कसं देणार?"

दादा थांबले. "चिवट?"

"चिवटच म्हणायचं. दोन-दोन बिया एकेकात. कुठे तीन."

"कच्च्या होत्या? हिरव्या?"

सासूबाईंनी कमरेचा रुमाल काढला आणि मांडीवर उलगडला. दुसऱ्याच्या जमिनीवर थुंकायचं कसं, म्हणून त्यांनी एकूण एक बी रुमालात टिपून ठेवली होती. दोन घडांच्या सगळ्या. घरी नेऊन कचऱ्यात टाकणार होत्या.

दादा खाली बसले, म्हणजे गुडघे धरून कसेबसे बसले. एक बी उचलून त्यांनी उन्हाकडे धरली. तपकिरी होती, भाजल्यासारखी. ती दाताखाली कटकन फोडली. मग दुसरी. आत्याही वाकल्या. हे लोक मण्यापेक्षा बीवर विश्वास ठेवतात, असं मला नंतर कळलं. बी हिरवी म्हणजे घड अजून कोवळा. बी तपकिरी आणि ठिसूळ म्हणजे तो आतून पिकलेला. पुस्तिकेत हे नव्हतं.

"साल जाड, रस काळा, बी पिकलेली," दादा स्वतःशीच म्हणाले. मग सासूबाईंना म्हणाले, "ताई, खायला चिवट म्हणालात ना? वाइनला तेच लागतं. गोडगोड म्हणाला असतात तर मी उठून गेलो असतो."

"मला काय कळतंय त्यातलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांची त्या दिवसाची वाक्यं संपली असावीत.

दादा बराच वेळ बी चघळत बसले. सूनबाई बादलीची कडी धरून उभ्या होत्या, बोटं पांढरी पडेपर्यंत. शेवटी दादा आत्यांना म्हणाले, "शेड वजनकाट्याच्या मागे घालू." आणि सुनेला म्हणाले, "एक ओळ. दोन नाही. घड बघितले असते तर दोन दिल्या असत्या."

सूनबाई रडल्या ते तेव्हा. आत्यांनी त्यांना जवळ घेतलं. मी जरा बाजूला गेलो. एक ओळ मिळाली याचा आनंद सगळ्यांना झाला, पण दुसरी ओळ माझ्यामुळे गेली, हे मला एकट्याला नीट ऐकू आलं होतं.

परतीच्या वाटेवर वकील एकच वाक्य बोलले, "तरी मी म्हणत होतो, खिडकी जरा किलकिलीच ठेवा." ऑफिसात मी अहवाल सादर केला. तीन ओळींचा. साहेबांनी शेरा मारला, "निष्कर्ष स्पष्ट नाही."

पुढच्या वर्षी त्याच सुमारास पत्र आलं. सासूबाईंच्या नावानं. नव्या ओळीवर कलमं लागली आहेत, जुन्या वेलीला यंदा एकोणीस घड आहेत, चाखायला दादांनी ताईंना बोलावलंय. खाली लिहिलं होतं: काकांनाही आणा. मी नाही म्हणालो. बायको म्हणाली, "चला." कात्री तिनं आदल्या दिवशीच कपाटात घालून कुलूप लावलं होतं.

नळापाशी पोचलो तर सूनबाई समोरून आल्या. हातात लाल फीत. त्यांनी माझं मनगट धरलं, फीत बांधली आणि दोन गाठी मारल्या.

"म्हणजे आता विसरायला नको," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. मी दोन्ही हात पाठीमागे धरून त्या वेलीपासून चार हात लांब उभा राहिलो. दादांनी चाखलं, सासूबाईंनी चाखलं, सूनबाईंनी चाखलं. मग सूनबाईंनी एक मणी तोडून माझ्यापुढे धरला. हात पुढे करू की नको मला कळेना. शेवटी त्यांनीच तो माझ्या तळहातावर ठेवला.

नाक उघडं होतं. मी मणी तोंडात टाकला. आधी आंबट लागला, मग तुरट, आणि बऱ्याच वेळानं गोड. सगळे माझ्याकडे बघत होते. अठ्ठेचाळीस पानं मला अजूनही पाठ आहेत.

"साल जाड आहे," मी म्हणालो, आणि दोन्ही बिया रुमालात ठेवल्या.